खाली घासेल

३ मार्च
क्लबचं सर्क्युलर आलं. स्पोर्ट्स कारवाल्यांचा वार्षिक मेळावा महिनाअखेरीस, डोंगरावरच्या हॉटेलात. या वर्षी प्रत्येक मेंबरने आपल्या गाडीसोबतचा सर्वांत अविस्मरणीय अनुभव सांगायचा. ज्याचा उत्तम, तो स्मरणिकेच्या पहिल्या पानावर, फोटोसह. पहिलं पान माझंच. प्रश्न फक्त अनुभवाचा आहे. गाडी घेऊन दोन वर्षं झाली, पण तिला जपण्याच्या नादात अनुभवाकडे जरा दुर्लक्ष झालंय. महिना पडलाय, होईल.

संध्याकाळी बायकोने पुन्हा गॅरेजचा विषय काढला. तळमजल्यावर खोली म्हणाल तर ती एकच. पहिल्या मजल्यावर आम्ही, दुसऱ्यावर बाबा. गुडघे गेल्यापासून बाबा खाली उतरलेले नाहीत, डॉक्टरांनी जिना बंद केलाय. बायकोचं म्हणणं, गाडी काढा आणि बाबांना खाली आणा. मी शांतपणे समजावलं की बाबांना वरची हवा मानवते. तिने विचारलं, हे बाबा म्हणाले का? म्हणाले नाहीत, पण चेहऱ्यावर दिसतं.

शेवटी पैज लागली. मेळाव्यापर्यंत या गाडीने घरातल्या एका तरी माणसाला जन्मभर लक्षात राहील असा अनुभव द्यायचा. नाही दिला तर गाडी विकायची. मी लगेच हो म्हटलं. बिचारीला वाटतंय, ती जिंकेल.

५ मार्च, सकाळी सहा
संकल्प: आज हायवे. रस्ता मोकळा, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये. (अजून ती दुसऱ्याच्या पुढे गेलेली नाही. तिला सहा आहेत.)

साडेसहा. धुकं आहे. लाल रंगाला ओलावा चांगला नाही.

सात. धुकं गेलं, पण शाळेच्या बसेस सुरू झाल्या. कव्हर परत घातलं. कव्हरखालीसुद्धा काय आकार दिसतो!

८ मार्च
मूळ अडचण ती गल्लीच्या तोंडावरच्या स्पीडब्रेकरची. गाडी आली ती ट्रकवर बसून आली, आणि तेव्हापासून मी स्पीडब्रेकरपर्यंत जातो, त्याच्याकडे बघतो आणि रिव्हर्स घेतो. आज पट्टी घेऊन रस्त्यावर पालथा झोपलो आणि माप घेतलं. निकाल: खाली घासेल.

लोक म्हणतील, घासलं तर घासलं. लोकांना काय जातंय बोलायला? मी विमा कंपनीत मोटार क्लेमचा सर्व्हेयर आहे. दिवसभर चेपलेल्या गाड्यांचे फोटो काढतो. परवाच एका गृहस्थांनी शपथेवर सांगितलं की गाडी उभी होती आणि खांब येऊन आदळला. मला रस्ता दिसला की रस्ता दिसत नाही, फॉर्म दिसतो.

पण डोकं चालवलं. सुताराकडून दोन जाड फळ्या करून घेतल्या, एका टोकाला तासलेल्या. ब्रेकरच्या अलीकडे-पलीकडे लावायच्या, गाडी अलगद चढेल, अलगद उतरेल. इतकी साधी गोष्ट आजवर कोणाला सुचली नाही याचं आश्चर्य वाटतं.

१० मार्च, रविवार
फळ्या डिकीत मावत नाहीत. डिकीत एक टॉवेल मावतो.

उपाय: टप उघडा ठेवायचा, बायकोने शेजारी बसून फळ्या उभ्या धरायच्या. आधी ती नाही म्हणाली. मग म्हणाली, एकदाच. मला वाटतं, मनातून तिलाही उत्सुकता असावी.

गल्लीच्या तोंडाशी तिने उतरून फळ्या लावल्या. मी पाऊण तसूभर सरकलो आणि ओरडलो, हळू, खाली घासेल! ती म्हणाली, चालवतोयस तू, मी कशाला हळू? गाडी सुखरूप पलीकडे. मग तिने फळ्या उचलून परत मांडीशी धरल्या. पुढच्या चौकात दुसरा ब्रेकर. शाळेपुढे तिसरा. हॉस्पिटलपाशी एकापाठोपाठ एक, तिथे ती म्हणाली की आता बसण्यात अर्थ नाही, मी चालतेच. त्यामुळे ती पुढे, काखेत फळ्या मारून, आणि मागून मी, पहिल्या गिअरमध्ये. एका स्कूटरवाल्याने तिला विचारलं, घर बदलताय का?

फळवाल्यापर्यंत गेलो आणि परतलो. हवा छान होती. जन्मभर लक्षात राहील ना, असं मी तिला दारात विचारलं. ती हो म्हणाली, पण ज्या सुरात म्हणाली त्यावरून हा अनुभव पैजेत धरता येईलसं वाटत नाही.

१३ मार्च
बायको तीन दिवस कामापुरतं बोलतेय. खांदा धरलाय म्हणे. व्यायाम नसला की असं होतं.

१७ मार्च, रविवार
आज मेहुण्याला बोलावलं. जिमला जातो, दंड हे असे. फळ्या त्याच्यासाठी काडीसारख्या. खरंच, सगळे ब्रेकर पार करून आम्ही हायवेला लागलो! तिसरा गिअर टाकणार तोच समोर ट्रॅक्टर. ओव्हरटेक करायचा तर समोरचं सगळं दिसलं पाहिजे, आणि या गाडीत बसल्यावर फक्त ट्रॅक्टरचा ॲक्सल दिसतो. मी संयम राखला. बराच वेळ राखला. मेहुणा म्हणाला, दाजी, आपल्याला सायकलवाला ओलांडून गेला. मी म्हटलं, जाऊ दे, घाई त्याला असेल.

परतताना मेहुणा बसने आला. त्याला काहीतरी काम आठवलं. फळ्या मीच लावत-उचलत आलो, पोचेपर्यंत अंधार पडला.

२० मार्च
अनुभव लिहायला घेतला. आधी लिहून ठेवला की घडायला सोपा जातो. सुरुवात झकास झाली: वाऱ्याशी गप्पा मारत मी आणि माझी लाल राणी वळणावळणाच्या रस्त्याने निघालो. बायकोने वाचलं. विचारलं, ही कोणाची गाडी?

२३ मार्च
बाबांचं जेवण वर घेऊन गेलो. त्यांनी विचारलं, बशी काय म्हणतेय? गाडीला ते बशी म्हणतात, वरून चपटी दिसते म्हणून. मी म्हटलं, मजेत आहे. मग म्हणाले, एकदा तिच्यात बसायचंय. मी थक्क. बाबांना गाड्यांत रस नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलोय.

लगेच उजेड पडला. घरातला एक तरी माणूस! बाबाही घरातलेच की. त्यांच्याकडे आजवर माझं लक्ष कसं गेलं नाही?

२४ मार्च, रविवार
आजचं सविस्तर लिहायला हवं.

बाबांना खुर्चीत बसवून मी आणि मेहुण्याने जिन्याने खाली आणलं. मी म्हणजे बहुतांशी मार्गदर्शन. बाबांना गाडीत ठेवताना बायको म्हणाली, हळू, त्यांचे गुडघे. मी म्हटलं, हळू, खाली घासेल. दोघांचं म्हणणं एकच होतं.

बाबा ड्रायव्हरच्या सीटवर बसले. स्टिअरिंग धरलं. गॅरेजचं शटर पूर्ण वर होतं, समोर गल्ली. बाहेर काढायचा बेत होता, पण बाबांच्या पायाने क्लच दाबला जाईना आणि सीट बदलायला ते तयार होईनात. म्हणाले, नुसती सुरू कर. सुरू केली. म्हणाले, अजून. त्यांचा पाय ॲक्सिलरेटरवरही जोर धरेना. मग मी दारातून आत वाकलो, डोकं स्टिअरिंगखाली, पाय गॅरेजच्या फरशीवर, आणि हाताने ॲक्सिलरेटर दाबू लागलो. वरून बाबा सांगत होते, आता वळण आलं, कमी कर. आता सरळ रस्ता, दाब. पुन्हा दाब. मला फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या. समोरच्या घरातले लोक गॅलरीत आले. बाबा त्यांना हात करत होते, असं बायकोने नंतर सांगितलं.

बऱ्याच वेळाने इंजिन बंद केलं तेव्हा माझी कंबर धरली होती. बाबा म्हणाले, दर रविवारी तू ही पाच मिनिटं सुरू करतोस ना, तेव्हा वर माझ्या खिडकीची काच थरथरते. मला वाटतं, कोणीतरी आलं. आठवडाभर मी त्याची वाट बघतो.

मी कपडे झटकत राहिलो.

मग त्यांना बाहेर काढायचं होतं. निघेनात. मेहुण्याने ओढलं, मी ढकललं. शेवटी बाबाच म्हणाले की ते स्टिअरिंग धरून बसलेत म्हणून निघत नाहीत. वर जायचं नाही. वर एकटं पडायला होतं, असं सरळ तोंडावर म्हणाले. बायकोने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

तात्पुरती सोय म्हणून गाडी बाहेर गल्लीत लावली, कव्हर घालून. गॅरेजमध्ये बाबांचा पलंग टाकला. फक्त आजचा दिवस.

ता. क. बाबांना जन्मभर लक्षात राहील असा अनुभव मिळाला, हे बायकोने मान्य केलं. म्हणजे पैज मी जिंकलो.

२६ मार्च
पलंगाच्या मागोमाग बाबांचं कपाट खाली आलं. मी म्हटलं, पैज मी जिंकलोय. बायको म्हणाली, हो, अभिनंदन, कपाटाची ती बाजू धर.

२८ मार्च
टीव्ही खाली आला. संध्याकाळी समोरचे आजोबा बाबांकडे पत्ते खेळायला आले. हसण्याचा आवाज पहिल्या मजल्यापर्यंत येतो. गाडीच्या कव्हरवर मांजर झोपतं. मी दिवसातून बऱ्याचदा खिडकीत जाऊन बघतो. उठवलं तर नखं काढेल, नाही उठवलं तर सवय लागेल.

३१ मार्च, रविवार
मेळावा. गाडीने जाणार होतो, पण बायकोचा खांदा आणि मेहुण्याचं काहीतरी काम. बसने गेलो. पार्किंगमध्ये सगळ्यांच्या गाड्या ओळीने उभ्या. क्लबचे अध्यक्ष, ज्यांना आम्ही टर्बो म्हणतो, त्यांनी विचारलं, तुमची कुठली? मी म्हटलं, घरी ठेवलीय, चढ फार आहे.

लाल राणीचं भाषण खिशात होतं. उभा राहिलो आणि का कोण जाणे, बाबांचं सांगून बसलो. चपला, काच, सगळं. मग टर्बोंनी विचारलं, स्पीड किती होता? मी म्हटलं, गाडी न्यूट्रलला होती. ते म्हणाले, असं. पहिलं पान तीन डोंगर ओलांडून आलेल्या एका डेंटिस्ट बाईंना मिळालं. त्या मात्र नंतर माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, विकणार असाल तर सांगा. मी स्पष्ट सांगितलं की त्याचा प्रश्नच येत नाही.

७ एप्रिल
गाडी विकली. माणसाने भावनेच्या आहारी जाऊ नये. शिवाय ते मांजर.

डेंटिस्टबाई स्वतः न्यायला आल्या. मी फळ्या घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभाच होतो, कशा लावायच्या ते दाखवायला. त्या म्हणाल्या, लागणार नाहीत. मी ओरडलो, हळू, खाली घासेल! त्यांनी गाडी जराशी तिरकी घेतली आणि ब्रेकरवरून निघून गेल्या.

घासली नाही. रस्त्यावर पालथा पडून बघितलं, एक ओरखडा नाही. गाडीचा आवाज कितीतरी वेळ येत होता. तिसरा, चौथा, बहुतेक पाचवासुद्धा. बाहेरून तो असा ऐकू येतो हे मला माहीत नव्हतं.

१४ एप्रिल, रविवार
शटर काढून दार बसवलं. दाराला उंबरा आला आणि बाबांची नवी चाकाची खुर्ची त्याला अडली. बायकोने त्या दोन फळ्या आणून अलीकडे-पलीकडे लावल्या. माप तंतोतंत.

बाबा म्हणाले, चल, बाहेर काढ. मी मागून खुर्ची ढकलू लागलो. चाकं फळीवर चढली तसे बाबांनी खुर्चीचे दोन्ही हात पकडले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, हळू रे, खाली घासेल!

समोरचे आजोबा हसले, बायको हसली. मी हळूच नेली.