चिठ्ठीवरचं ‘शिळ’

खालापूर, मंगळवार, १२ फेब्रुवारी १९७४

आज माझ्या नाकानेच मला फसवलं. संध्याकाळपासून तेच डोक्यात घोळतंय.

प्रयोगशाळेत कागदाच्या नव्या पट्ट्या आल्यात. ओली पट्टी मटणाला टेकवायची. पिवळी राहिली तर ताजं, निळी पडली तर नासलेलं. आज एका खाटकाच्या दुकानातून तपासायला आणलेल्या मटणाच्या बरणीवर शिपाई तुकारामदादांनी चिठ्ठी डकवली होती: ‘शिळ’. मी वाचलं, झाकण काढलं आणि आंबूस वास आला. खरंच आला. पट्टी मात्र पिवळीच! दुसरी लावली, तीही पिवळी. मी चिडलेच. म्हटलं, “या पट्ट्याच बोगस आहेत. साहेबांना सांगा, मटण शिळं आहे, दुकानातलं सगळं पुरायला लावा.”

दादा गडबडले. “शिळं नाय वो बाई, शिळफाट्याचं हाय. चिठ्ठीवर जागा नव्हती, म्हनून तेवढंच लिवलं.”

पुन्हा हुंगलं. कसलाच वास नाही. त्या खाटकाचा अख्खा बोकड माझ्या नाकापायी मातीत गेला असता. पण मग मघाचा वास आला कुठून?

शाळेत मधल्या सुट्टीत मी डबा उघडायच्या आधीच शेजारच्या मुली नाकाला रुमाल लावायच्या. डब्यात बटाट्याची भाजी असायची. पण हजेरीत माझं आडनाव ऐकून त्यांना जात कळलेली असायची. इतकी वर्षं मला वाटायचं, मेल्या नाटक करतात.

आज वाटतंय, त्यांना वास येत असेल. खरंच येत असेल.