वरच्या खोलीतला रेडिएटर

प्रिय हेदर,

आई जिन्यावरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, हे मी तुझ्या फोनच्या यंत्रावर सांगून ठेवलं होतं. ते नीट उमटलं की नाही कोण जाणे. त्या यंत्राशी बोलताना मला धाप लागते, आणि तू तर फोन उचलतच नाहीस. म्हणून लिहितो. माझं शुद्धलेखन कसं आहे ते तुला ठाऊकच आहे.

ऑपरेशन झालं. मग हॉस्पिटलातून एक बाई घर बघायला आली. जिना, न्हाणीघर, सगळं तिला चाललं. आई झोपते त्या वरच्या खोलीत मात्र तिने रेडिएटरला हात लावला आणि म्हणाली, "मिस्टर ग्रीनवुड, इथे तर तोंडातून वाफ निघतेय. ही खोली गरम होत नाही तोवर त्यांना घरी सोडता यायचं नाही."

शेजारचा क्लिफ आठवतो ना? जन्मभर लोकांचे बॉयलर बसवत फिरला, आता गुडघे धरून बसलेला असतो. तो आला. आधी बॉयलर बंद करून निवू दिला. मग खालच्या रेडिएटरच्या तोटीला बागेतला पाइप जोडून त्याचं टोक परसातल्या मोरीत सोडलं. मी गालिच्यावर जुने टॉवेल, त्यावर वर्तमानपत्रं, त्यावर आणखी टॉवेल अंथरले. "सिरिल, पाणी काढायचंय, बाळंतपण नाही करायचं," क्लिफ म्हणाला. वरच्या रेडिएटरची हवा सोडायची चावी सैल केली तशी घरभर गुरगुर झाली आणि मोरीत काळंकुट्ट पाणी पडायला लागलं. "म्हाताऱ्या," क्लिफ म्हणाला, "बॉयलरच्या दाबाचा काटा उतरला की ताजं पाणी भरत होतास ना? ताजं पाणी म्हणजे ताजा गंज, त्यानेच वरचा रेडिएटर तुंबलाय. चहाची किटली आहे का ती?" मी भरत होतो खरा. काटा खाली दिसला की मला चैन पडत नाही. पण पाणी जात कुठे होतं? ते आईच्या पलंगामागे सापडलं. वरच्या रेडिएटरची तोटी ठिबकत होती, आणि आईने तिच्याखाली बशी ठेवली होती. भरली की ती खिडकीतल्या जिरॅनियमच्या कुंडीत ओतायची. मी काळजी करेन म्हणून ती मला बोलली नाही. ती काळजी करेल म्हणून मी तिला काट्याचं बोललो नाही. किती वर्षं हे चाललं होतं, कोण जाणे! क्लिफ हसून हसून जिन्यावर बसला. मीही हसलो. मग बशी धुतो म्हणून खाली गेलो, तो बराच वेळ वर आलो नाही.

तोटी बदलली. एकेक रेडिएटर उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत आतून धुतला. गंज धरू नये म्हणून औषध घातलं, पुन्हा पाणी भरलं, हवा काढली, बॉयलर लावला. वरचा रेडिएटर आधी माथ्याला तापला, मग पायथ्यालाही. मी तसाच बस पकडून हॉस्पिटलात गेलो, खोली तयार आहे हे आईला सांगायला.

नर्सने मला दाराशीच थांबवलं. आईच्या छातीत कफ साठलाय, औषधाला दाद देत नाही. डॉक्टर म्हणाले, घरी न्यायचं आता मनात आणू नका. जवळच्या माणसांना बोलावून घ्या. मला तुझ्याशिवाय कुणाचं नाव सुचलं नाही.

तू मार्टिनशी संसार मोडलास तेव्हा आई तुला जे बोलली, ते मला पुसून टाकता येत नाही, आणि तिला आता तेवढं बोलवणारही नाही. पण ये, पोरी. आज टाकलं तर पत्र उद्या पोचेल असं पोस्टातली बाई म्हणाली. हातात पडलं की निघ. वरच्या उबदार खोलीत झोप. तापात आईला वाटतं की ती घरीच आहे, वर पलंगावर, आणि तू खाली भांडी घासतेयस. काल मला म्हणाली, "हेदरला सांग, राहू दे ती भांडी. वर येऊन बस म्हणावं माझ्यापाशी." मी तिला सांगितलंय, येतेय ती.

तुझाच,
म्हातारा बाप