तिसरा जॉर्ज आणि अनिकाची खोली

बॉथेल, ऑक्टोबर २००६

सौ. लतिकाताईस,

प्रसादचा वाकून नमस्कार. जिना दिसला की तुझा गुडघा आता पूर्वीइतका कुरकुरत नसेल, आणि संजीवरावांचा रक्तदाब डेव्हन ॲव्हेन्यूवर पार्किंग शोधण्यापुरताच चढत असेल, अशी आशा करतो. आम्ही तिघं ठीक आहोत. घरात माणसं मात्र चार आहेत.

चौथे राजारामकाका, पुण्याहून आलेल्या नाटक कंपनीतले नट. पहिल्या अंकात मरतात आणि पुढचे दोन अंक भिंतीवर हार घालून लटकतात (फोटोच्या रूपाने. प्रत्यक्ष लटकत असते तर मी पुढच्या रांगेचं तिकीट काढलं असतं. हे वाक्य दुष्ट आहे, खोडावं का याचा बराच विचार केला, आणि ठेवलं). महाराष्ट्र मंडळांची रीत तुला माहीत आहेच: हॉटेल परवडत नाही, म्हणून कलाकार सभासदांच्या घरी वाटून टाकायचे. आमचे अध्यक्ष जगन्नाथ यांनी मला विचारलं नाही, कळवलं. प्रश्न दोन रात्रींचा होता. मग नेपथ्य कस्टम्समध्ये अडकलं, प्रयोग लांबला, आणि काका अनिकाच्या खोलीत रुजले. अनिका सोफ्यावर झोपते आणि त्यांच्या घोरण्याचा हिशोब माझ्याकडे मागते.

त्यात तिला शाळेत विषय मिळाला, इथल्या वसाहती इंग्लंडच्या राजावर का चिडल्या. तिसऱ्या जॉर्जच्या काळात कायदा झाला की सैनिकांना निवारा, मीठ, मेणबत्त्या आणि बिअर वसाहतींनी पुरवायची. ती हे मोठ्याने वाचत होती तोच आतून हाक आली, "दीपा, चहात आलं जरा सढळ हाताने!" अनिका म्हणाली, "बाबा, दे स्टार्टेड अ वॉर ओव्हर धिस. व्हॉट आर यू डुइंग?" (मी कायदा स्वतः शोधून वाचला. सैनिक बराकीत, नाहीतर सराईत किंवा रिकाम्या घरात ठेवायचे होते, नांदत्या घरात नव्हे. म्हणजे जुलमी इंग्रजसुद्धा आमच्या कार्यकारिणीपेक्षा सभ्य होते.)

राजाने चहावर कर लावला म्हणून वसाहतींनी चहा सोडला होता, तेव्हा आम्हीही घरातला चहा बंद केला. माझं डोकं दुखू लागलं, दीपा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि काका उदारपणे म्हणाले, "असू दे रे, मला कॉफी चालते. दूध मात्र पूर्ण सायीचं." क्रांती तिथेच फसली.

शेवटी जगन्नाथांना फोन केला. म्हणालो, आमचं मत न विचारता हुकूम कसे काढता? तर म्हणाले, "अरे यार, मतदानाला आला होतास का तू?" नव्हतो. (त्या दिवशी मी गाडी धुतली. सिॲटलच्या पावसात.) तरी मंडळाच्या सभेत उभा राहिलो आणि अनिकाची सगळी टिपणं मराठीत ऐकवली: राजा, फौज, अन्याय. टाळ्या पडल्या. इतका कळवळा असलेला माणूस पाहून सभेने मला एकमताने निवास व्यवस्था प्रमुख केलं. जगन्नाथांचा चेहरा डोक्यावरचं ओझं उतरवून ठेवल्यासारखा झाला.

पद हाती येताच पहिला हुकूम काढला, काकांना हलवा. सगळ्यांकडे सासू-सासरे आलेले निघाले. जे खोटं बोलत होते त्यांचा मला राग आला नाही, हेवा वाटला. अनिका रोज विचारते, "इज ही गॉन?" आणि मी तिच्या नजरेत राजापेक्षा खाली गेलो आहे.

तुझा,
प्रसाद

ता.क. नेपथ्य सुटलं नाही. इथला प्रयोग कॅन्सल केला. पुढचा तुमच्या शिकागोला आहे, पण कंपनी तिकडे दोन आठवड्यांनी जाणार.

ता.क. काका आधीच निघताहेत. तुमच्याकडे वरची खोली रिकामी असते. फोन करून विचारणार होतो, पण तू नाही म्हणाली असतीस.

ता.क. पत्र पाकीट चिकटवून त्यांच्याच हाती दिलं आहे. म्हणजे आत्ता ते समोर बसून तुझा चेहरा पाहत असतील. तेव्हा ताई, हस. आणि आलं घरात आहे का बघ.