सोबत येणारी व्यक्ती : एक

मंगळवार, ३ मार्च

चि. धाकट्यास,

ताईचे आशीर्वाद. तू खुशाल असशील असे धरून चालते. इकडे आम्ही दोघी बऱ्या आहोत. माझा उजवा गुडघा जिन्यावर कुरकुरतो, शाळेतले विज्ञानाचे तास नेहमीप्रमाणे चालू आहेत आणि तुझी मुलगी, आपली भिंगरी, आता माझ्यापेक्षा चार बोटे उंच झाली आहे. अकरा वर्षांनंतरच्या पहिल्या पत्रात एवढ्या बातम्या पुरेत. तुझा पत्ता मला कुठून मिळाला हे विचारू नकोस. आज प्रश्न मी विचारणार आहे.

त्याआधी थोडी पार्श्वभूमी. येत्या एकवीस तारखेला, शनिवारी, विद्यापीठाचा खुला दिवस आहे. पुढील वर्षी प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्यांनी यायचे, विभाग पाहायचे, शिक्षकांशी बोलायचे, असा हा कार्यक्रम असतो. भिंगरीला भौतिकशास्त्र घ्यायचे आहे आणि या भेटीची आखणी मी गेला महिनाभर करते आहे. मूळ तत्त्व साधे आहे. ज्या दिवशी एखादी संस्था सगळे उघडे ठेवते, त्या दिवशी तिने काय बंद ठेवले आहे ते पाहायचे असते. म्हणून दर्शनी सभागृहात वेळ घालवायचा नाही. तिथे सगळे चकचकीतच असणार. आधी दुसऱ्या वर्षाची प्रयोगशाळा गाठायची आणि तिथले बेसिन पाहायचे. उपकरणे एका रात्रीत पुसता येतात. बेसिनच्या तळाचा थर मात्र वर्षभराचा हिशोब सांगतो. रोज प्रयोग होतात तिथे डाग ताजे असतात, आणि कोरडे, धूळ बसलेले बेसिन म्हणजे तिथे प्रयोग फक्त वहीत होतात. मग वर्गातल्या शेवटच्या बाकावर बसून फळा वाचून पाहायचा. मग एखाद्या विद्यार्थिनीला, आसपास शिक्षक नसताना, विचारायचे : प्रात्यक्षिके घेते कोण? असे एकूण सतरा प्रश्न मी काढले आहेत.

गेल्या गुरुवारी शाळेच्या संगणकावर तिची नोंदणी करायला बसले, तर पडद्यावर उत्तर आले की या क्रमांकाने नोंदणी आधीच झालेली आहे. मी ती उघडून पाहिली. 'सोबत येणारी व्यक्ती : एक. नाते : वडील.' त्याखाली तुझे पूर्ण नाव. आणि तळाशी, जाड अक्षरांत, विद्यापीठाचा नियम : एका विद्यार्थ्यासोबत एकाच पालकाला प्रवेश.

मी ते वहीत उतरवून घेतले आणि घरी गेले. भिंगरीला काही बोलले नाही. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, हे मी तीस वर्षे मुलांना सांगत आले आहे. म्हणून पाच दिवस नुसते पाहत राहिले.

पहिल्याच दिवशी जेवताना तिने विचारले, "आत्या, लिफ्टचा दोर तुटला तर ती सरळ खाली येते का गं?" प्रश्न इतका सुरेख होता, की मी ताट बाजूला सारून दोन पेले, एक लाटणे आणि सुतळी घेऊन तिला प्रतिभार समजावला. खोलीच्या वजनाला तोलून धरणारे एक वजन मागच्या बाजूने खालीवर जात असते आणि आत बसलेल्याला ते कधीच दिसत नाही. वीस मिनिटे बोलले. भांडी घासताना डोक्यात उजेड पडला, की आपल्या घरी लिफ्ट नाही, तिच्या अभ्यासक्रमात लिफ्ट नाही, आणि मला माहीत असलेला लिफ्टचा एकमेव कारागीर तू आहेस.

त्यानंतरचे सांगते. ती फोन हातात घेऊन जिन्यात जाते आणि एक शब्दही न बोलता परत येते. पत्र टाकणारा आला की खिडकीशी जाते. परवा मी सहज विचारले, "एकवीस तारखेला कुठली बस घ्यायची गं आपण?" तर म्हणाली, "आत्या, तू विचारते आहेस की तपासते आहेस?" अभ्यासात मात्र कसूर नाही. माझी जुन्या प्रश्नसंचांची पेटी तिने जानेवारीतच माळ्यावरून स्वतः उतरवली आणि मी शिकवल्याप्रमाणे सर्वांत जुन्या वर्षापासून एकेक संच सोडवायला घेतला आहे.

तेव्हा माझा सरळ आरोप आहे. तू माझ्या पाठीमागे तिच्याशी संधान बांधले आहेस. सहा महिन्यांसाठी म्हणून सहा वर्षांची मुलगी माझ्याकडे सोडून गेलास. तिचे दात पडले, ताप आले, तिला सायकल शिकवताना माझा गुडघा गेला, या सगळ्यात तुझा पत्ता नव्हता. आणि आता तिला हाताला धरून विद्यापीठाच्या दारातून आत नेण्याचा मान तुला हवा? कधीपासून चालले आहे हे? मला तारखा हव्या आहेत.

ताई


गुरुवार, १२ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. आधीचे पत्र मी पाठवले नव्हते. ते नऊ दिवस माझ्या पिशवीत होते. दोन्ही पत्रे एकत्र पाठवते आहे. त्यातला आरोप खोटा ठरला आहे, तरीही. उत्तर चुकले म्हणून कच्ची आकडेमोड खोडायची नाही, हा माझ्या वर्गाचा नियम आहे.

रविवारी मला नववीच्या वर्गासाठी एक जुना प्रश्न हवा होता, म्हणून मी ती पेटी उघडली. संच वर्षांप्रमाणे लावलेले होते, जसे मी लावते तसेच. प्रत्येक वर्षाच्या संचामागे त्या वर्षीची पाकिटे होती, तीही माझ्याच क्रमाने. संचांच्या मागे ती पाहणार नाही, असे मी धरून चालले होते. फरक एवढाच, की मी ठेवली तेव्हा ती बंद होती आणि आता प्रत्येकाची कड पट्टी लावून सरळ कापलेली होती.

तुझी पत्रे, धाकट्या. एकूण चव्वेचाळीस. पाकिटांवर नाव तिचे होते आणि मागे तुझा पत्ता. आता कळले ना, तो मला कुठून मिळाला.

ती दारात उभी होती. मी काही म्हणायच्या आधीच म्हणाली, "तूच सांगितलंस ना, जुन्यापासून सुरुवात कर."

"कधी सापडलं?"

"दुसऱ्या संचाला. जानेवारीत."

"आणि दोन महिने गप्प बसलीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले. तूच म्हणतेस ना, उत्तर लगेच सांगू नये, समोरच्याला वेळ द्यावा. मी फॉर्मवर बाबांचं नाव घातलं, कारण नोंदणी तू तपासणार हे मला पक्कं माहीत होतं. म्हटलं, आता तरी विचारशील. तर तू इतके दिवस माझ्यावर पाळत ठेवलीस! आत्या, खरंच, पोलिसात जायचं होतंस तू."

मी तिला विचारले, तुझे काय ठरले आहे बाबांशी? तेव्हा जे कळले ते तुला सांगणे माझे कर्तव्य आहे. तिने तुला काहीच कळवलेले नाही. पत्रात तुझा नंबर आहे. तो लावायचा म्हणून ती जिन्यात जाते आणि न लावता परत येते. ही ओळ वाचेपर्यंत तुला या दिवसाची गंधवार्ताही नसणार. माझी सगळी निरीक्षणे बरोबर होती. गुन्हेगार तेवढा चुकला.

आता कारणमीमांसा. समर्थन म्हणून वाचू नकोस. तुझे पहिले पत्र मी तिला दिले होते. ते वाचून ती तीन दिवस खिडकीतून हलली नाही, जेवली नाही. पुढचे पत्र आले तेव्हा तिची परीक्षा तोंडावर होती. म्हटले, परीक्षा झाल्यावर देऊ. परीक्षा दर वर्षी असते, धाकट्या. टाकून द्यायला हात धजला नाही, उघडायचा तर अधिकारच नव्हता. म्हणून तारखेप्रमाणे लावत गेले. कागद नीट लावून ठेवला की आपण काही वाईट करतो आहोत असे वाटत नाही.

आणि ती चौथीत असताना तू आला होतास, ते. मी दार अर्धेच उघडले आणि म्हणाले, ती शिबिराला गेली आहे. आत नळ वाहत होता. ती दात घासत होती. तू माझ्या खांद्यावरून आत पाहिलेस, तो आवाज ऐकलास आणि "बरं, ताई" एवढेच म्हणून जिना उतरलास. तू कधी जाब विचारला नाहीस, त्याचाच मला अधिक संशय येत राहिला. वाटे, याला सुटका हवी होती, ती मी दिली. तो संशय चव्वेचाळीस पाकिटांपुढे टिकत नाही हे मला दिसत होते. मोजायची पाकिटे होती आणि मला मोजता येते.

भिंगरी म्हणते, बोलावणे मीच पाठवायचे. "मी बोलावलं तर त्यांना वाटेल, तुला न विचारता बोलावलं. एकदा दारातून परत गेलेत ते."

म्हणून बोलावते आहे. शनिवार, एकवीस मार्च, सकाळी साडेनऊ, विद्यापीठाचे पूर्वेकडचे फाटक. मुख्य फाटकाशी गर्दी असते, तिथे थांबू नकोस. मी तिला आमच्या स्थानकावर बसमध्ये बसवून देईन आणि घरी परतेन. नियम एकाच पालकाचा आहे. सतरा प्रश्नांचा कागद तिच्या दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात असेल. तो ती काढणार नाही, तेव्हा तू काढ. ती घाबरली की जास्त बोलते. त्या वेळी मध्ये तोडू नकोस. प्रयोगशाळेत गेल्यावर तिचे लक्ष उपकरणांवर जाईल. बेसिन तू पाहा.

तू येशील याची मला खात्री नाही. संशयाची अकरा वर्षांची सवय एका रविवारी जात नाही, आणि काल ती नवे बूट घालून आरशासमोर उभी राहिली तेव्हापासून मी जास्तच साशंक झाले आहे. येणार नसशील तर तसे आधी कळव. पण मला कळवू नकोस.

तिलाच लिही. खालच्या पत्रपेटीची किल्ली इतकी वर्षे माझ्या जुडग्यात होती. ती काढून आज सकाळी मी भिंगरीकडे दिली आहे.

तुझी
ताई