रिमिक्सच्या साली तुमचा श्वास

मास्तर, आज १५ नोव्हेंबर २००९, रविवार. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झाली आहेत. मी ओतूरच्या एसटी स्टँडसमोरच्या दुकानात कॉम्प्युटरपुढे बसून एका गिऱ्हाइकाच्या मोबाइलच्या कार्डात गाणी भरत होतो. आता हेच माझं काम आहे. एकशे बारा गाणी सात मिनिटांत भरून होतात. गिऱ्हाईक नवरदेव होता, लग्नाला पंधरा दिवस राहिलेले. म्हणाला, "भाऊ, ते दोन हजार दोनचं रिमिक्स टाक ना. आमी शाळंत व्हतो तवा लई वाजायचं." मी टाकलं. नीट आलंय का बघायला त्यानं ते तिथंच मोठ्यानं लावलं, आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटाला माझी छाती आपोआप भरून आली. त्या जागेला तुमचा श्वास संपायचा आणि माझा सुरू व्हायचा. नवरदेव गेला तसं मी शटर अर्धं खाली ओढलं आणि लिहायला बसलो.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो, दहावीला दोनदा बसून दोन्ही वेळा इंग्रजी आणि गणितात राहिलेला. तुम्ही माझी फुंक बघितलीच नाही. तुम्ही मला तुमच्या क्लॅरिओनेटच्या पेटीवर नाव लिहायला लावलं आणि ती घेऊन शेजारच्या शाळेच्या गुरुजींकडे गेलात. परत येऊन म्हणालात, "गुरुजी म्हणत्यात, ह्याचं ऱ्हस्व-दीर्घ चुकत न्हाई. म्हंजी सूर बी चुकीचा लिवायचा न्हाई." तुम्हाला स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं, सगळी गाणी डोक्यात होती. दिवाळी झाली की आपला बँड तेलाच्या घाण्यामागच्या पडवीत जमायचा आणि यंदाच्या लग्नांत कुठली गाणी चालणार ते तुम्ही ठरवायचात. तुम्ही एकेक ओळ वाजवायचात आणि मी वहीत सा रे ग म उतरवायचो. जिथं तुम्ही श्वास घ्याल तिथं मी एक उभी बारीक रेघ मारायचो. ती रेघ माझ्यासाठी होती. तुमच्यामागे दुसरं क्लॅरिओनेट माझं, आणि तुमची फुंक सुटली की तेवढा वेळ तोच सूर मी धरून ठेवायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला भोक पडल्यासारखं वाटत नाही. तुम्ही म्हणायचात, "बँड बसला तरी चालंल, पर सूर बसला नाय पाहिजे."

मग ते साल आलं. गावात केबल येऊन वर्ष झालं होतं आणि दिवसभर नुसती गाणी दाखवणारे चॅनेल घराघरात चालू असायचे. त्या साली जुनी गाणी परत आली. तुमच्या तरुणपणी तुम्ही वरातीत वाजवलेली तीच गाणी, पण गाणारी पोरगी नवी, चाल पळती, आणि खाली यंत्राचा ठोका. कॅसेटच्या दुकानात रंगीत कव्हरांची रांग लागली. बाजारपेठेतले कापडवाले शेटजी, ज्यांच्या घरची सगळी लग्नं आपणच वाजवली, ते दुकानातून ओरडले, "मास्तर, तुमची म्हातारी गाणी टीव्हीवर आली की! पोरी नाचतायत त्यांच्यावर!" तुम्ही किती खूश झालात. पडवीत येऊन आम्हाला म्हणालात, "म्हातारी नटून आली राव! आता आपल्याला काय शिकायचंय? आपल्याला तर पाठच हायती." तुमचं ते हसणं मला अजून दिसतं. वरचा एक दात नव्हता, त्या जागेतून हवा जाऊ नये म्हणून वाजवताना तुम्ही तिथं जीभ लावायचात.

पण गाणी तीच नव्हती. हे मला पहिल्याच दिवशी, रेघा मारताना कळलं. जुन्या गाण्यात दोन ओळींच्या मध्ये गाणाऱ्या बाईसाठी जागा सोडलेली असते. रिमिक्सवाल्यांनी ती जागा कापून काढली होती आणि गाणं दीडपट पळवलं होतं. माणसानं दम घ्यावा असं त्यात काही उरलं नव्हतं. मी म्हणालो, "मास्तर, आपण जुन्या चालीतच वाजवू ना." तुम्ही म्हणालात, "मग पोरं म्हणतील, बँड म्हातारा झाला. सुपाऱ्या जातील डीजेकडं." ते खरंच होतं. त्याच महिन्यात मंचरच्या एका लग्नात आपण आणि डीजे एकाच मांडवात होतो. त्यांनी ट्रॉलीत स्पीकरची भिंत उभी केली होती. ठोका सुरू झाला तशा उभ्या जीपच्या काचा थरथरायला लागल्या आणि आपलं वाजणं आपल्यालाच ऐकू येईना. तुम्ही पुढे होऊन त्या खोक्यावर तळहात ठेवलात. बराच वेळ तसेच उभे राहिलात, बैलाच्या कुशीला हात लावून बघतात तसे. परत येऊन मला हळूच म्हणालात, "ह्याला फुफ्फुसं न्हाईत रं. ह्यो थांबायचा कवा?"

आज नवरदेवानं मागितलं त्याच एका गाण्यात जानेवारीत तुमच्या चार रेघा होत्या. फेब्रुवारीच्या शेवटाला सात झाल्या. मी प्रत्येक लग्नानंतर घरी येऊन वही दुरुस्त करायचो, जुनी रेघ तशीच ठेवायचो आणि नवी लाल पेनानं मारायचो. मला वाटायचं, मी नीटनेटकेपणा करतोय. मार्चमध्ये घाटघरच्या वाडीवर लग्न होतं. गाडी खालीच थांबली आणि वाद्यं डोक्यावर घेऊन आपण चढायला लागलो. तुम्ही तीनदा बसलात. "औंदा चढ लई झालाय," म्हणालात, आणि ढोलवाला म्हणाला, "मास्तर, चढ तेवढाच हाय, तुमचं पोट वाढलंय!" सगळे हसले. तुम्हीही हसलात. पण तुमचे बूट मागून कापलेले मी बघितले होते. पाय सुजून बुटात जात नाहीत म्हणून तुमच्या घरी काकूंनी विळ्यानं टाचेकडून कापून दिले होते आणि कापलेलं दिसू नये म्हणून वरून विजार सोडली होती. काकू मला दारात गाठून म्हणाल्या होत्या, "त्यास्नी म्हणावं दवाखान्यात चला. माझं ऐकत न्हाईत, तुझं ऐकतील." मी सांगतो म्हणालो. सांगितलं नाही.

एप्रिलमध्ये त्याच गाण्यात अकरा रेघा झाल्या. मी अकराच्या अकरा जागा भरत होतो, इतक्या सफाईनं की शेटजी म्हणाले, "मास्तर, औंदा तर तुमी दम न घेता वाजवताय, तरणे झालात!" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. दुसऱ्या दिवशी पडवीत आपण दोघेच होतो. तुम्ही क्लॅरिओनेटच्या तोंडाची वेताची पट्टी, रीड, पाण्यात भिजवत बसला होता. मान वर न करता विचारलंत, "खरं सांग. किती जागी तुटतंय माझं?"

वही माझ्या मांडीवर उघडी होती. तुम्हाला वाचता येत नव्हतं, पण रेघा कोणालाही मोजता येतात. मी वही मिटली आणि म्हणालो, "चारच, मास्तर. पहिल्यासारखंच."

"मग आसंच चालू दे," तुम्ही म्हणालात.

हे खोटं का बोललो, याचा मी सात वर्षं विचार करतोय. अकरा म्हणालो असतो तर तुम्ही त्याच दिवशी क्लॅरिओनेट पेटीत ठेवलं असतं, हे मला माहीत होतं. मग मेच्या सुपाऱ्या सुटल्या असत्या, नऊ माणसं घरी बसली असती. हे कारण मी स्वतःला देत होतो. ते खोटं नाही, पण पुरं खरंही नाही. तुम्ही पुढे आणि मी मागे, आणि पुढच्या सुराचा अर्धा भाग आता माझा आहे, हे मला आवडायला लागलं होतं.

मेमध्ये तळेघरला लग्न. सकाळचे साडेअकरा. नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघालाय, आपण पुढे, पोरं नाचतायत. भाताची खाचरं कोरडी पडलेली, बांधाबांधानं वाट. पोरांनी तेच गाणं मागितलं आणि ते संपलं की परत तेच. तिसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा पहिल्या ओळीतच तुमची फुंक सुटली. तिथं रेघ नव्हती. मी सूर धरला. तुम्ही परत सुरात आला नाहीत. मी दुसरी ओळ घेतली, मग तिसरी. कोणीतरी ओरडलं, "वाजीव भावा, वाजीव!" एक करवली माझ्यापुढे येऊन नाचायला लागली. नाचणाऱ्यांच्या गर्दीत माझ्या मागच्या ट्रम्पेटवाल्यालाही कळलं नाही की तुम्ही बांधाकडे बाजूला झालात आणि पुढचा माणूस बदललाय. बँड पुढे गेला. देवळापाशी पोचून गाणं संपवलं तेव्हा सगळ्यांनी विचारलं, मास्तर कुठायत? आपण चारशे पावलं पुढे आलो होतो. तुम्ही मागं बांधावर हिरड्याच्या झाडाला टेकून बसला होता. टोपी सरळ होती. क्लॅरिओनेट मांडीवर नीट आडवं ठेवलेलं, रीडवर टोपण घातलेलं. म्हणजे तेवढा वेळ तुम्हाला मिळाला होता. घोडेगावच्या डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाचं बरेच दिवसांचं दुखणं असणार, कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? मी वहीची पिशवी पाठीमागे धरली.

तेराव्याला काकूंनी मला चुलीपाशी बोलावलं. म्हणाल्या, "त्यांच्या लगट तूच व्हतास. शेवटाला काय झालं रं? हाक तरी मारली का कुणाला?" मी म्हणालो, "नाही काकू. मी पुढं बघून वाजवत होतो. मागं वळून बघितलंच नाही." त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "मग झोपेतच गेल्यागत गेले म्हणायचे."

मास्तर, मी वळून बघितलं होतं. दुसऱ्या ओळीच्या शेवटाला. तुम्ही उभे होतात आणि उजवा हात वर केला होता. आपल्या बँडमध्ये वर केलेल्या हाताचा अर्थ एकच, थांबा. तो मला तेव्हाही माहीत होता. पण मी मनाशी म्हणालो, मास्तर सांगतायत, तू घे पुढं. आणि तोंड फिरवून मी तिसरी ओळ घेतली. ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वाजलेली ओळ आहे.

बारा वाजून गेलेत, बाहेर गिऱ्हाईक शटर वाजवतंय. काकू अजून त्याच घरात आहेत आणि हे पत्र त्यांच्या पत्त्यावर टाकावं असं दोनदा मनात आलं. पण त्यांच्याकडे येणारं प्रत्येक पत्र मीच वाचून दाखवतो. त्यांच्या समोर बसून हे वाचण्याची माझी छाती नाही.