गाडीमागे तुमची सायकल

बाबा, तुमच्या सायकलीबद्दल एक विचारायचं आहे. पण तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली की विचारण्याआधी बरंच समजावून सांगावं लागेल. तर ऐका. तुमच्या जावयांनी निवृत्त झाल्यावर शाळेची एक जुनी व्हॅन विकत घेतली आणि तिचं घर करून टाकलं. आतल्या सीटा काढून पलंग बसवले, मागच्या दारापाशी छोटा ओटा आणि शेगडी, एका पलंगाखाली पाण्याची टाकी. याला कॅम्परव्हॅन म्हणतात. जिथे अंधार पडेल तिथे गाडी उभी करायची, खिचडी टाकायची आणि पाय ताणून झोपायचं. नागपूरच्या कडेला, बेसाला आमच्या घरासमोर ती उभी असते, आणि शेजारपाजारचे लोक येऊन आत डोकावून जातात. तुम्ही असतात तर पहिल्याच दिवशी तिच्याखाली आडवे होऊन सगळे नट तपासले असते.

दिवाळीनंतर समुद्राकडे जायचं ठरलं आहे, विशाखापट्टणमला. आईला घेऊनच जायचं, हा माझा हट्ट. तुम्ही गेल्यापासून ती सक्करदऱ्याच्या घराबाहेर एक रात्र झोपलेली नाही. लग्न असो की बारसं, जेवली की संध्याकाळी घरी परत. बेसाला राहायला ये म्हटलं तर म्हणते, "घर एकटं पडते." अजून ती चालती-फिरती आहे, पण यंदा नेली नाही तर पुढे मी तिला कुठेच नेऊ शकणार नाही, अशी भीती माझ्या मनात बसली आहे. समुद्राचं आमिष दाखवून पाहिलं. "पाह्यला टीव्हीत. पाणीच त आहे." मग एक दिवस मेथी निवडता निवडता आपणहून म्हणाली, "तुया बाबाची सायकल येत असन त मी यीन." सायकल कशाला, असं विचारलं, तर माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच वेडी. "काहाले म्हंजे? बाहेरगावी चाललो ना आपुन?" त्यापुढे पुन्हा मेथी.

मला वाटलं, कळलं. तुमची सायकल ओसरीत उभी असते, आई ती रोज फडक्याने पुसते, महिन्यातून एकदा चेनला तेल देते. घर एकटं सोडवत नाही म्हणजे ती सायकल एकटी सोडवत नाही, असा मी सरळ अर्थ लावला आणि कामाला लागले. बाबा, सायकल गाडीला अडकवायच्या किती तऱ्हा आहेत याची तुम्हाला कल्पना नसेल, मलाही नव्हती. एक तऱ्हा मागच्या दाराला पट्ट्यांनी टांगायची. एक टपावर आडवी निजवायची. एक गाडीच्या खाली, बंपरच्या मागे लोखंडी पाट काढून त्यावर उभी करायची. रोज दुपारी मोबाइलवर मी हेच बघत बसायचे. जावई म्हणाले, घर बांधतानाही तू इतका विचार केला नव्हतास. खरंच केला नव्हता. पण हे सगळे रॅक बनवलेले त्या हलक्याफुलक्या, रंगीत सायकलींसाठी. तुमच्या सायकलीला जाड दांडा, चेनकव्हर, मडगार्ड, दोन पायांचा स्टँड आणि तो अवजड कॅरियर. तिला कुठून पकडावं हेच कुठल्या चित्रात नव्हतं. शेवटी बेसा रोडवरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे व्हॅन नेली. त्याने सायकल एकदा उचलून पाहिली आणि हळूच खाली ठेवली. "ताई, सायकल टांगून राहिल्या का म्हैस? मागच्या दरवाज्याले लटकवली त दरवाजाच हातात येईन." शिवाय दार उघडलं नाही तर माझा ओटाही बंद. टपावर ठेवायची तर चढवणार कोण? म्हणून मी ठरवलं की तिची चाकं काढायची, रजईत गुंडाळायची आणि दुसऱ्या पलंगाखाली नीट ठेवून द्यायची. ऊन नको, पाऊस नको, ओरखडा नको.

तुम्ही हसला असता. आपल्या गावी, खाप्याला, तुम्ही मागावरून उतरलेल्या लुगड्यांचे गठ्ठे त्या कॅरियरवर बांधायचे, ते मला अजून दिसतं. जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या हँडलला लोंबत असायच्या. मी एकदा शाळेचं दप्तर सुतळीने बांधलं, तर तुम्ही ते सोडून परत रबराने बांधलं आणि म्हणालात, "सुतळी तुटते. रबर धरून ठेवते." आणि सायकल शिकवताना, नदीकाठच्या मैदानात, मागे धावत तुम्ही एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ओरडायचे, "मांगं पाहू नको वं, मांगं पाहू नको. नजर जाते तिकडंच हँडल जाते." मी पाहिलंच, आणि बेशरमाच्या झुडपात जाऊन पडले. तुम्ही मला उचलायच्या आधी चाक तपासलंत. त्या गोष्टीचा राग मला बारावीपर्यंत पुरला.

तर मागच्या आठवड्यात आईला फॅब्रिकेशनवाल्याकडे नेलं, सायकलीची जागा कशी केली आहे ते दाखवायला. पलंगाखालचा कप्पा बघून ती म्हणाली, "इथं कशी मावन?" चाकं काढून, असं त्याने सांगितलं. "चाकं काहाले काढतं गा?" तो माझ्याकडे बघतो, मी आईकडे. "आई, तिला जपून न्यायचं आहे ना?" "जपाची काहाले? घरी काय कमी जपतो? मंग बसाचं कशावर?" मला एकदम खाप्याचा पूल आठवला.

आजोबा चौकात लिंबाखाली बसलेले असायचे, त्यांच्याभोवती गावातले म्हातारे. त्यांच्यादेखत सुनेने नवऱ्याच्या सायकलवर मागे बसून जायचं, हे बरं दिसत नव्हतं. म्हणून मामाच्या गावाला जायचं तर आई मला बोटाला धरून आधी निघायची, पायी. डोक्यावर पदर, हातात पिशवी. थोड्या वेळाने तुम्ही सायकलवर निघायचे, कामाला चालल्यासारखे. पूल ओलांडला, गाव दिसेनासं झालं की मागून तुमची घंटी वाजायची. टॉवेलाची घडी दांड्यावर, त्यावर मी. मग आई मागे. मला वाटायचं, आईला चालायला आवडतं. नागपूरला आल्यावरही, जिथे आपल्याला ओळखणारं काळं कुत्रं नव्हतं तिथेही, ती गल्लीच्या टोकापर्यंत चालतच जायची आणि सक्करदऱ्याच्या तलावाशी थांबायची. तुम्ही तिला कधी घरासमोरून बसवलं नाहीत. तिच्यासाठी बाहेरगाव म्हणजे गाव मागे पडल्यावर सायकलवर बसणं. आता माझ्या मागे बसून तिला ते हवं आहे, आणि इतकी वर्षं ते मागायची तिला लाज वाटली असावी. हे कळलं तेव्हा मी त्या वर्कशॉपमध्ये, पत्र्याच्या ढिगाजवळ उभी राहून रडले. फॅब्रिकेशनवाला बिचारा चहा सांगायला गेला.

रॅकचा प्रश्न मग सोपा झाला. जी सायकल रोज काढायची आणि रोज चढवायची, ती कमरेच्या वर न्यायचीच नाही. बंपरमागे लोखंडी पाट, दोन चाकांसाठी पन्हळी, आणि पाट एका बाजूला वळेल असा बिजागर, म्हणजे ओट्याचं दारही उघडतं. नंबर प्लेट आणि मागचे दिवे पाटाच्या बाहेरच्या कडेला घेतले आहेत. फॅब्रिकेशनवाल्याने चांगल्या नायलॉनच्या पट्ट्या दिल्या होत्या, पण मी जुनी ट्यूब मागून घेतली. आईने स्वतः कापून दिली. "तुया बाबाएवढ्या रुंद नाई जमल्या," म्हणाली, पण गाठ तिचीच घट्ट बसते.

आता तुम्हाला विचारायचं ते. आई म्हणते, मला दांड्यावर घेऊन एकदा निघालात की तुम्ही तिच्यासाठी सायकल कधी थांबवली नाही. "थांबवली त पुलापुढचा चढ कसा चढन? मी चालत्या सायकलवर बसो." मी दांड्यावर होते, माझं तोंड पुढे. मला फक्त एक हिसका कळायचा, आणि माझ्या डोक्यावर तुमचा श्वास क्षणभर थांबलेला. त्या क्षणी तुम्ही काय करायचे? हँडल घट्ट धरायचे की सैल सोडायचे? पॅडल थांबवायचे की जोर द्यायचे? ती बसली हे तुम्हाला कशावरून कळायचं? आईला विचारलं तर म्हणते, "मले काय माहीत, मी त मांगं होतो."

तिचा बेत तिने सांगून टाकला आहे. बेसा सुटलं, वस्ती मागे पडली की गाडी थांबवायची. ती थोडं पुढे चालत जाणार, मी मागून यायचं. सायकल थांबवायची नाही. या वयात चालत्या सायकलवर, बाबा. मी नाही म्हटलं तर ती येणार नाही, आणि हो म्हणण्याची माझी छाती होत नाही. म्हणून रोज सकाळी, उजाडायच्या आत, मी तुमच्या सायकलवर गव्हाचं पोतं बांधून प्लॉट पाडलेल्या लेआउटच्या रिकाम्या रस्त्यावर फेऱ्या मारते. आई समजते, रॅक नीट बसतो का ते पाहायला मी सायकल बेसाला आणून ठेवली आहे. सरळ रस्त्यावर जमतं. वळणावरही जमायला लागलं आहे. फक्त दर फेरीला एकदा, पोतं आहे ना हे बघायला, मी अजून मागे वळून पाहते.