६४० मीटरवरची हाक

१० ऑगस्ट
खारबांधाचं लेव्हलिंग सुरू, खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाची उंची मोजायची. रामवाडीतून पावणेआठला निघाले. स्टाफ, म्हणजे उंचीची मोजपट्टी, धरायला रंजना, इथलीच, मिठागरात काम केलेली. हात अजिबात हलत नाही तिचा. सुरुवातीपासून ६४० मीटरवर, उघाडीपाशी, म्हणजे पाणी सोडायच्या झडपेपाशी, बांध खचलाय. दु. १२.४८, उधाणाची भरती. बाहेरचं पाणी बांधाच्या माथ्यापेक्षा ६ सें.मी. वर. माथा कोरडा. दोनदा रीडिंग घेतलं. चूक माझीच असणार.
उघाडीवर सरपंच आप्पा छत्री घेऊन बसलेले, खाडीकडे तोंड. मध्येच "ओ" म्हणाले. समोर फक्त पाणी.

१२ ऑगस्ट
इन्स्ट्रुमेंट बरोबर आहे.
जुना नकाशा मागायला ग्रामपंचायतीत. भिंतीवर सरपंचांची यादी. पंचवीस वर्षं आप्पा, मध्ये एकदा महिला आरक्षण, तेव्हा त्यांच्या पत्नी, काकी. सगळं बिनविरोध. दहशत असेल असं धरलं होतं. रंजनाला विचारलं तर हसली.
"उभं कोण ऱ्हाणार गो मॅडम? निवडून आला तर उधाणाला बांधावर बसावं लागंल."
"बसून?"
"हाक आली की ओ द्यायची."
कोणाची ते विचारेपर्यंत स्टाफ उचलून पुढच्या पॉइंटला गेली.

२४ ऑगस्ट
जसं घडलं तशी नोंद.
६४० मी. दु. १२.३१. पाणी +६, माथा कोरडा. मी भिंगाला डोळा लावून. "झालं काय गो?" अशी हाक. रंजनाच, असं वाटलं. "ओ, झालं" म्हटलं. वर पाहिलं. रंजना वीस मीटरवर, ओठ घट्ट मिटलेले, नकारार्थी मान हलवतेय. स्टाफ पहिल्यांदा थरथरताना दिसला. हाक डावीकडून आली होती. डावीकडे खाडी.
आप्पांनी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. छत्री मिटली आणि ओहोटी लागायच्या आत घरी गेले.

२६ ऑगस्ट
ऑर्डर आली. नाशिक. कायम नोकरी. ८ सप्टेंबरला हजर व्हायचं. दोन वर्षं वाट पाहिली याची.
संध्याकाळी काकी खोलीवर, पापड घेऊन. पापड मोजून टेबलावर ठेवले. मग: "आप्पा परवा पोटभर जेवले, बाय. उधाणाच्या दिवशी घास नाय उतरायचा त्यांना." रडत होत्या की हसत, नक्की कळलं नाही. पापडाचे पैसे घेतले नाहीत.

३० ऑगस्ट
आप्पांकडे गेले. सरळ विचारलं. ओटीवर वाल सोलत होते, हात थांबला नाही.
"मला काय सरपंच व्हायचं होतं? म्हस शोधत होतो बांधावर. वाटलं भाऊ हाक मारतोय. दिली ओ. पुढल्या महिन्यात गावानं निवडणुकीचा फॉर्मच आणून दिला."
"तुमच्या आधी?"
"होता एक. पोराकडं मुंबैला गेला. त्याच उधाणाला बांध फुटला, खांड गेली. सात घरं."
"ओ द्यायचं काम परत तुमच्याकडे दिलं तर?"
"मला आता ऐकू येत नाय, मॅडम. बाकी समदं येतं. तेवढी हाकच नाय."
मी नाशिकचं सांगितलं. "जावा की," म्हणाले. खरंच म्हणाले.

३ सप्टेंबर
दोन निरीक्षणं म्हणजे काही सिद्ध होत नाही. रिपोर्टमध्ये ६४० चा रकाना रिकामा ठेवलाय.

७ सप्टें.
नाशिकला फोन केला, एक दिवस उशिरा येते. ठीक म्हणाले. कारण 'अपूर्ण निरीक्षण'. ठरलं: उद्या ओ द्यायची नाही. काय होतं ते मोजायचं, मग जायचं. उघाडीजवळच्या घरांतून मुलं आणि जनावरं सकाळीच वर न्यायला रंजनाला सांगितलं. ती लगेच निघाली.

८ सप्टें., बांधावर
१२.१९. पाणी +६. माथा कोरडा. खालची घरं रिकामी. बाकी गाव आत, शेताच्या बाजूला उभं. आप्पाही त्यांच्यात.
१२.२६. हाक आली. ओ दिली नाही. +८.
१२.३१. दुसरी. जवळून. माझं नाव, बरोबर. +११. माथा अजून कोरडा. रंजना स्टाफ धरून माझ्याकडे बघतेय.
१२.३३. दोन बोटं वर करून दाखवली. आप्पा मागून, हळू: "मॅडम, तिसरी नाय मारत. मग खांडच."
+१४